मंगनी झालीये ना, मग निकाहपर्यंत थांबायचं कशाला?

प्रश्न: अस्सलामु अलैकुम आपा, माझं नाव छापू नका. मी २६ वर्षांचा आहे, नोकरी करतो. माझी मंगनी झालीये, दोन्ही घरं खूश आहेत, पण लग्नाचा खर्च जमवायचा म्हणून निकाह अजून दीड वर्षाने ठरलाय. आमचं एकमेकांवर खूप प्रेम आहे. मध्यंतरी एकदा आम्ही मर्यादा ओलांडली. तेव्हापासून ती गप्प गप्प असते, भेटायचं टाळते, म्हणते निकाह होईपर्यंत आता नको, मला भीती वाटते. मला खरंच कळत नाही ह्यात चूक काय आहे. दोघं सज्ञान, दोघांची मर्जी, लग्न तर होणारच आहे. जुन्या काळी गर्भ राहायची भीती होती म्हणून बंदी असेल, आता साधनं आहेत. एका मौलाना साहेबांना मित्राचा प्रश्न म्हणून विचारलं तर ते म्हणाले हराम आहे, बस. हराम आहे हे मला माहितीये, का आहे ते विचारायचंय. की विचारणंच गुनाह आहे? एक मित्र म्हणतो दोन साक्षीदार घ्या आणि गुपचूप निकाह करून टाका. काय करू?

उत्तर: वालेकुम सलाम बेटा.

विचारणं गुनाह नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. हज़रत इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी खुद्द अल्लाहला विचारलं होतं की तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव, अल्लाहने विचारलं तुझा विश्वास नाही का, तर म्हणाले विश्वास आहे, पण मनाचं समाधान व्हावं म्हणून विचारतोय. कुरआनच्या सूरह बकराच्या (सूरह म्हणजे अध्याय) २६० व्या आयतीत आहे हे. आणि तुझ्यापेक्षा कितीतरी पुढचा प्रश्न एका तरुणाने पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना सगळ्यांसमोर विचारला होता, सरळ म्हणाला, मला ज़िनाची, म्हणजे निकाहबाहेरच्या संबंधाची, परवानगी द्या. आजूबाजूचे लोक त्याच्यावर तुटून पडले, गप्प बस म्हणाले, पण हुजूर (स.) म्हणाले जवळ ये, त्याला समोर बसवलं आणि विचारलं, तुझ्या आईच्या बाबतीत कुणी असं केलेलं तुला चालेल? तो नाही म्हणाला. मग मुलगी, बहीण, आत्या, मावशी असं एकेक करून विचारत गेले, तो प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला, आणि दर वेळी हुजूर (स.) म्हणायचे, लोकांनाही त्यांच्या मुलीच्या, बहिणीच्या बाबतीत हे चालत नाही. शेवटी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली की ह्याचा गुनाह माफ कर, ह्याचं मन पाक कर, ह्याची अब्रू सांभाळ. इमाम अहमद यांच्या मुसनद ह्या हदीसच्या (हुजूर (स.) यांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) संग्रहात अबू उमामा यांच्याकडून ही रिवायत, म्हणजे सांगितलेली हकीकत, आलीये. त्या मुलाला कुणी हाकलून दिलं नाही, लाज काढली नाही, त्याच्याशी बोलून त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेतलं, म्हणून मीही तुझ्याशी तसंच बोलणार आहे आणि थोडं स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नकोस.

तर तोच प्रश्न मी तुला विचारते. तुला बहीण आहे की नाही मला माहीत नाही, समज आहे. तिची मंगनी झालीये, निकाहला दीड वर्ष आहे, होणारा नवरा तिला म्हणतोय की लग्न तर होणारच आहे, आणि ती म्हणतेय नको, भीती वाटते. तू काय म्हणशील त्याला? दोघं सज्ञान आहेत, चालू दे, असं म्हणशील? मनातल्या मनात दे उत्तर, मला कळवू नकोस.

आता तुझ्या "का" कडे येते. आपल्यातल्या पुष्कळ मुलामुलींच्या डोक्यात असं बसलेलं असतं की इस्लामला शरीरसुखच घाण वाटतं, म्हणून ही बंदी. हे साफ चुकीचं आहे बघ. रमज़ानच्या रात्रींबद्दल बोलताना कुरआन नवराबायकोबद्दल म्हणतो की त्या तुमचा पोशाख आहेत आणि तुम्ही त्यांचा (२:१८७), रोज़्याच्या महिन्यात, इबादतीच्या सगळ्यात मोठ्या महिन्यात हे सांगितलंय. काही सहाबांनी, म्हणजे हुजूर (स.) यांच्या साथीदारांनी, ठरवलं होतं की आम्ही कायम रोज़े ठेवू, रात्रभर नमाज़ पढू, लग्नच करणार नाही, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना थांबवलं, म्हणाले मी तुमच्यापेक्षा अल्लाहला जास्त भितो, तरी मी झोपतो पण, जेवतो पण, आणि लग्नही करतो. आणि सहीह मुस्लिम ह्या हदीसच्या संग्रहात तर ह्याहून पुढची गोष्ट आहे, हुजूर (स.) म्हणाले की तुम्ही आपल्या बायकोजवळ जाता त्यातही सदका, म्हणजे दानाचं पुण्य, आहे, सहाबांना नवल वाटलं, विचारलं की आम्ही आपली इच्छा पुरी करायची आणि त्याचं सवाब (पुण्य) पण मिळणार? तर म्हणाले, हेच हराम ठिकाणी केलं असतं तर गुनाह झाला असता की नाही? मग हलाल ठिकाणी केलं तर सवाब. म्हणजे कृती तीच, शरीर तेच, इच्छा तीच, आणि एकीकडे सवाब, दुसरीकडे कबीरा, म्हणजे मोठा, गुनाह. मधे फरक फक्त निकाहचा. मग ह्या निकाहमध्ये असं आहे तरी काय, हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि "लग्न तर होणारच आहे" म्हणताना तू तोच उडवून लावतोयस.

समज, अल्लाह न करो, उद्या तुला काही झालं. तुमचा निकाह झालेला असेल तर ती तुझी बेवा आहे, सूरह निसाच्या १२ व्या आयतीप्रमाणे तुझ्या मालमत्तेत तिचा हिस्सा ठरलेला आहे, मूल नसेल तर चौथा, असेल तर आठवा, आणि तुझे आईवडील किंवा भाऊ कितीही नाराज असले तरी तो कुणाला काढून घेता येत नाही. मेहर, म्हणजे निकाहमध्ये नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, दिला नसशील तर तो तुझ्या डोक्यावरचं कर्ज आहे, वारसांची वाटणी व्हायच्या आधी तो तिला द्यावा लागतो. ती चार महिने दहा दिवस इद्दत, म्हणजे पुन्हा लग्न न करता थांबायचा काळ, पाळेल, लोक तिच्याकडे दुःख वाटून घ्यायला येतील. आणि निकाह झालेला नसेल तर? तर ती कोणीच नाही. जिची तुझ्याशी फक्त मंगनी झाली होती अशी एक मुलगी, जिला मोकळेपणी रडताही येणार नाही, कारण तुम्हा दोघांत जे झालं ते तिला एकटीलाच माहीत आहे आणि ते सांगायची सोय नाही.

मरणाचं सोड. समज तुमचं बिनसलं. मंगनी मोडते बेटा, चांगल्या चांगल्या घरांतल्या मोडतात, देण्याघेण्यावरून मोडतात, एखाद्या मामाच्या रुसण्यावरून सुद्धा मोडतात. निकाह झाला असेल तर सोडतानाही नियम आहेत, तलाकची पद्धत आहे, इद्दत आहे, त्या काळातला खर्च आहे. कुरआन इतक्या बारकाईत जातो की जवळ येण्याआधीच तलाक झाला तर ठरलेल्या मेहरच्या निम्मा द्यायचा (२:२३७), आणि जवळ आल्यावर असेल तर पूर्ण. बघ, त्या जवळीकीची किंमत अल्लाहने स्वतः मानली आहे, ती झाली की पुरुषाची जबाबदारी दुप्पट होते. मंगनीमध्ये काय आहे? एक मेसेज करायचा की घरचे ऐकत नाहीयेत, सॉरी. तू असं करणार नाहीस म्हणशील, आणि मी मानते तू मनापासून म्हणतोयस, पण असा मेसेज ज्यांनी केला त्यांनी पण आधी मनापासूनच वचन दिलं होतं.

आणि मूल. साधनं आहेत म्हणतोस, तर पहिलं म्हणजे कुठलंच साधन शंभर टक्के खात्रीचं नसतं हे तुला कुठलाही डॉक्टर सांगेल. पण त्याहून मोठी गोष्ट तुला माहीत नसावी म्हणून सांगते, गर्भ टाळायची पद्धत त्या काळातही लोकांना माहीत होती, तिला अज़्ल म्हणायचे, आणि हज़रत जाबिर यांची रिवायत बुखारी ह्या हदीसच्या संग्रहात आहे की कुरआन उतरत होता त्या दिवसांतही आम्ही अज़्ल करायचो. नवराबायकोच्या संबंधात ते चालत होतं. तरीही ज़िना हरामच राहिला, अज़्ल करून ज़िना चालेल असं कुणीही म्हणालं नाही. म्हणजे जुन्या काळी साधनं नव्हती म्हणून बंदी होती, हा तुझा तर्क इथे टिकत नाही. मूल हे एक कारण आहे, मोठं कारण आहे, इमाम गज़ाली यांच्यासारख्या आलिमांनी शरीयत ज्या पाच गोष्टी सांभाळते म्हणून सांगितलं त्यात दीन, जीव, अक्कल आणि मालाबरोबर नसल, म्हणजे वंश, पण आहे. पण ते एकमेव कारण नाही.

वंशाचं नक्की काय प्रकरण होतं हे समजून घ्यायचं असेल तर हुजूर (स.) यांच्या पत्नी हज़रत आयेशा रज़ियल्लाहु अन्हा यांनी जाहिलियतच्या, म्हणजे इस्लामच्या आधीच्या, काळातल्या लग्नांबद्दल सांगितलंय ते वाच, बुखारीत आहे. त्या सांगतात चार प्रकार होते. एक आजच्यासारखं, मागणी घालायची, मेहर द्यायचा, निकाह करायचा. दुसरा असा की नवराच बायकोला एखाद्या बड्या माणसाकडे पाठवायचा, चांगल्या रक्ताचं मूल व्हावं म्हणून. तिसरा, दहापेक्षा कमी पुरुष एकाच बाईकडे जायचे, मूल झालं की ती सगळ्यांना बोलावून त्यातल्या एकाचं नाव घ्यायची. आणि चौथा, ज्या बायकांच्या दारावर झेंडे लावलेले असायचे, तिथे कुणीही जायचं, मूल झालं की चेहरेपट्टी ओळखणाऱ्या माणसाला बोलवायचे आणि तो ठरवायचा की हे कुणासारखं दिसतं. तान्हं बाळ मधे ठेवलंय आणि माणसं त्याचं नाक-पाय बघून बाप ठरवतायत, हे नुसतं डोळ्यांसमोर आण. हुजूर (स.) आले आणि पहिला प्रकार सोडून बाकी सगळे बंद केले. प्रत्येक बाळाला जन्माच्या आधीपासून माहीत असलेला, सगळ्यांसमोर "कबूल आहे" म्हटलेला बाप मिळाला पाहिजे, ह्याच्यासाठी ते होतं. बऱ्याच फुकहांच्या (इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या) मते निकाहबाहेरच्या मुलाचा नसब, म्हणजे वंशाचं नातं, बापाशी जोडला जात नाही, वारसा पण आईकडूनच. त्या बाळाचा काडीचाही गुनाह नसतो, कुणी कुणाचं ओझं उचलत नाही असं कुरआन स्पष्ट सांगतो, पण मोठ्यांनी केलेल्या घाईची झळ त्यालाच लागते.

मला जे दिसतं ते सांगते, बाकी कारणं आलिम लोक माझ्यापेक्षा चांगली सांगतील. इस्लाम म्हणतो की आधी जबाबदारी घे, सगळ्यांसमोर घे, मग जवळ जा. सूरह निसाच्या २१ व्या आयतीत निकाहला पक्कं वचन म्हटलंय, बायकांनी तुमच्याकडून घेतलेलं वचन. आणि तू म्हणतोस आधी जवळ येऊ, जबाबदारी दीड वर्षाने घेतो, हॉल बुक झाला की. ह्या मधल्या दीड वर्षाचं वजन कोण उचलतंय? तुझी झोप उडालीये असं तुझ्या पत्रात मला कुठे दिसलं नाही. भीती तिला वाटतेय.

दोघांची मर्जी असं तू लिहिलंस, आणि वरच्याच वाक्यात लिहिलंस की ती नको म्हणतेय. मग आता मर्जी कुणाची आहे? होणाऱ्या नवऱ्याला नाही म्हणणं मुलीला किती अवघड जातं माहितीये का तुला, तो रागावेल, तो म्हणेल विश्वास नाही का माझ्यावर, तो घरी काही बोलला तर, मंगनी मोडली तर लोक मलाच विचारतील, एवढं सगळं गिळून ती तुला "नको" म्हणालीये. तो "नको" सोन्याच्या मोलाचा आहे, मान राख त्याचा.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हदीस आहे, ऐकली असशील, दरड कोसळून गुहेचं तोंड बंद होतं आणि प्रत्येकजण आपल्या एकेका नेक कामाचा वास्ता देऊन दुआ करतो. त्यातल्या एकाचं आपल्या चुलत बहिणीवर जिवापाड प्रेम असतं. ती त्याला जवळ येऊ देत नाही. मग दुष्काळ पडतो, ती मदत मागायला येते, आणि हा तिला १२० दिनार देतो (एका रिवायतीत १०० आहेत) पण अट घालतो. ती लाचार आहे, कबूल होते. अगदी शेवटच्या क्षणाला ती म्हणते, अल्लाहला भी, हक्काशिवाय ही मोहर तोडू नकोस. आणि तो उठतो. तिच्यावर सगळ्यात जास्त प्रेम असताना उठतो, आणि दिलेले दिनारही तिच्याकडेच राहू देतो. त्याच्या ह्या उठण्यामुळे तो दगड थोडा सरकतो. मी ही हदीस जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला वाटतं की प्रेम म्हणजे काय ते ह्या माणसाला त्या क्षणी कळलं असेल, आधीची सगळी वर्षं तो नुसता हट्ट होता. आणि ती भीती दाखवत नाही, भांडत नाही, एक वाक्य बोलते फक्त. तुझ्या मंगेतरने पण एकच वाक्य म्हटलंय.

पुरुषांच्या बाबतीत आपण फार सैल सोडतो. मुलीवर दहा डोळे आणि मुलगा रात्री किती वाजता आला कुणी विचारत नाही. कुरआनात असं नाहीये. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवा हा हुकूम आधी मोमिन पुरुषांना आहे, ३० वी आयत, बायकांना त्याच्यानंतर ३१ वी. ज़िनाची १०० फटक्यांची जी सज़ा दुसऱ्या आयतीत आहे ती बाई आणि पुरुष दोघांना सारखी आहे, लग्न झालेल्यांसाठी हदीसच्या आधारावर बहुतेक फुकहांनी रजम, म्हणजे दगडांनी मारणं, सांगितलंय, तेही दोघांना. आणि सूरह यूसुफमध्ये तर दरवाजे बंद आहेत, समोर मालकीण आहे, बोलावतेय, आणि पाक राहायची कसोटी एका तरुण मुलाची, हज़रत यूसुफ यांची, लागलीये, तो म्हणतो अल्लाहची पनाह, पुढे जाऊन म्हणतो की ह्यापेक्षा मला कैदखाना बरा. पाकदामनी, म्हणजे चारित्र्याची शुद्धता, पुरुषाचीही असते हे आपण मुलांना शिकवतच नाही, त्यांना वाटतं तो मुलींचा विषय आहे.

सज़ेचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगते, कारण ह्यावरून फार गैरसमज आहेत. ती सज़ा द्यायचा अधिकार फक्त काज़ीच्या अदालतीला आहे, भावाला, बापाला, मोहल्ल्याला नाही. स्वतःची कबुली नसेल तर चार साक्षीदार लागतात ज्यांनी प्रत्यक्ष कृती डोळ्यांनी बघितली आहे, आणि चार नसतील तर आरोप करणाऱ्यालाच ८० फटके आणि त्याची साक्ष पुढे कायमची बाद. ह्या आयती ज्या सूरहमध्ये आहेत तिथेच हज़रत आयेशा यांच्यावरच्या खोट्या आळाचा किस्सा आहे, जवळजवळ महिनाभर लोक कुजबुजत होते आणि मग अल्लाहने स्वतः त्यांना निर्दोष ठरवलं. घराची अब्रू म्हणून मुलींना मारून टाकणारे लोक दीनचं नाव घेतात तेव्हा माझं रक्त उकळतं, त्यांनी ही सूरह एकदा तरी अर्थासकट वाचावी.

बरं, आता जवळ न जाण्याबद्दल. सूरह इसराच्या ३२ व्या आयतीत ज़िना करू नका एवढंच म्हटलेलं नाही, त्याच्या जवळही जाऊ नका म्हटलंय. ह्यात माणसाच्या स्वभावाची केवढी जाण आहे ते बघ. तुमच्या बाबतीत ती "एकदा ओलांडलेली मर्यादा" एका दिवसात आली नसणार. आधी दुपारचे फोन, मग रात्री सगळे झोपल्यावरचे फोन, मग व्हिडिओ कॉल, मग "एक फोटो पाठव ना", मग कुणाच्या तरी रिकाम्या घराची चावी. प्रत्येक पायरीवर वाटतं एवढंच, पुढे नाही जाणार. शरीयत तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीये, ती तुला शेवटच्या पायरीवर एकट्याने लढायला सोडत नाहीये, पहिल्याच पायरीवर हात धरतेय. निकाह होईपर्यंत मंगेतर ही नामहरमच, म्हणजे जिच्याशी एकांत चालत नाही अशी परकीच, असते, हे आपण सोयीने विसरतो. म्हणून आजपासून एकांतात भेटणं बंद, कामाचं बोलायचं असेल तर घरच्यांच्या माहितीत आणि दिवसा बोल, रात्रीचे व्हिडिओ कॉल बंद, आणि तिचे काही फोटो तुझ्याकडे असतील तर आत्ता डिलीट कर, हे पत्र वाचून होण्याच्या आधी, क्लाउडमध्ये असतील तिथूनही.

गुपचूप निकाहचा मित्राचा सल्ला अजिबात ऐकू नकोस. हुजूर (स.) यांची शिकवण निकाह जाहीर करायची आहे, दफ (डफ) वाजवून लोकांना कळू द्यायची आहे. शाफई, मालिकी, हंबली ह्या तीन मसलकांकडे (इस्लामी कायद्याच्या परंपरांकडे) वलीशिवाय, म्हणजे मुलीच्या बापासारख्या पालकाशिवाय, निकाहच होत नाही, हनफी मसलकमध्ये सज्ञान मुलगी स्वतः करू शकते पण तिथेही आलिम लोक असा लपवून केलेला प्रकार पसंत करत नाहीत. आणि व्यवहाराने बघ, ते दोन साक्षीदार तुझेच दोस्त, उद्या तू फिरलास तर ते कुणाच्या बाजूने बोलतील? ती कुणाकडे जाऊन सांगेल की मी ह्याची बायको आहे? म्हणजे तू निकाहचं नाव घेतलंस आणि ज्याच्यासाठी निकाह असतो ते संरक्षणच काढून टाकलंस. शिवाय दोन्ही घरं खूश आहेत म्हणतोस, मग लपवायचंय कुणापासून?

खरा उपाय तुझ्या पत्रातच आहे आणि तुला तो दिसत नाहीये. तुझ्या आणि निकाहच्या मधे फक्त लग्नाचा खर्च उभा आहे. हुजूर (स.) तरुणांना म्हणाले होते की ज्याला ऐपत आहे त्याने लग्न करावं, त्याने नजर आणि अब्रू सांभाळली जाते, नसेल तर रोज़े ठेवावेत, ते ढाल आहेत. ऐपत म्हणजे ५०० पाहुण्यांना जेवू घालायची ऐपत नव्हे. एका गरीब सहाबीकडे मेहरला काहीच नव्हतं, म्हणाले लोखंडाची अंगठी तरी बघ, ती पण मिळाली नाही, शेवटी त्याला कुरआन जेवढा पाठ होता तो शिकवण्यावर निकाह लावून दिला. आणि हज़रत अब्दुर्रहमान बिन औफ तर नंतर मोठे मालदार झाले, त्यांच्या निकाहचं हुजूर (स.) यांना नंतर कळलं, अंगावर सुगंधाचा पिवळा डाग दिसला म्हणून विचारलं की हे काय, तर म्हणाले मी लग्न केलं. मेहर किती दिला विचारलं, खजुराच्या बीएवढं सोनं. बरकतची दुआ दिली आणि म्हणाले वलीमा (लग्नाचं जेवण) कर, एक बकरी का असेना. बघ ना, खुद्द अल्लाहच्या रसूलना आमंत्रण नव्हतं आणि कुणी रुसलं नाही! आपण हॉल आणि दागिन्यांपायी मुलांना दीड दीड वर्ष ताटकळत ठेवतो, हराम सोपं आणि हलाल महाग करून ठेवतो, आणि मग मुलं घसरली की त्यांनाच बोलतो. ह्यात मोठ्यांचा पण हिशोब होणार आहे.

तर घरी बोल. अब्बूंशी बोलायची हिंमत नसेल तर चाचा, मामा, मोठा भाऊ, कुणीतरी समजूतदार माणूस मधे घाल, मशिदीचे इमाम साहेब मदत करतील. एवढंच सांगायचं की आम्हाला निकाह आत्ता करायचाय, दोन्ही घरच्या लोकांसमोर, मशिदीत, साधा, कायदेशीर नोंदणीसकट, आणि मोठा कार्यक्रम, वलीमा, जे काय करायचंय ते सवडीने करा. रुख़सती (मुलीची पाठवणी) लगेच की नंतर हे दोन्ही घरांनी मिळून ठरवावं आणि स्पष्ट ठरवावं, नंतर कुरकुर नको. कारण विचारलं तर लांबण लावायची गरज नाही, गुनाहपासून वाचायचंय म्हण, त्याच्यापुढे कुठलेही दीनदार आईवडील अडून बसू नयेत.

हे सांगताना झालेली गोष्ट मात्र सांगू नकोस. प्रामाणिकपणाच्या नावाखाली तिच्या घरी किंवा तुझ्या घरी कबुली द्यायची नाही, दोस्तांना तर अजिबात नाही. हुजूर (स.) यांनी सांगितलंय की माझ्या उम्मतमधल्या सगळ्यांना माफी आहे, जे आपला गुनाह जाहीर करतात ते सोडून, अल्लाहने रात्रभर झाकून ठेवलं आणि हा सकाळी उठून स्वतःच पडदा काढतो. माइज़ नावाचे सहाबी स्वतः येऊन कबुली देत होते तेव्हा हुजूर (स.) परत परत तोंड फिरवत होते, नुसता स्पर्श केला असशील म्हणून वाट काढून देत होते, ते हटले नाहीत म्हणून सज़ा झाली, आणि नंतर ज्यांनी त्यांना पाठवलं होतं त्या हज़्ज़ाल यांना हुजूर (स.) म्हणाले की तू त्याला आपल्या कपड्याने झाकलं असतंस तर तुझ्यासाठी जास्त चांगलं होतं. तौबा तुझ्या आणि अल्लाहच्या मधे कर, ते काम थांबव, मनापासून पस्तावा कर, पुन्हा न करायचं ठरव. सूरह फुर्कानमध्ये ६८ व्या आयतीत ज़िनाचं नाव शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्याला पूजणं) आणि खुनाच्या बरोबरीने घेतलंय, इतका तो मोठा गुनाह आहे, आणि दोनच आयती पुढे, ७० व्या आयतीत आहे की जो तौबा करेल, ईमान ठेवेल, नेक काम करेल, त्याच्या वाईट कामांच्या जागी अल्लाह चांगली कामं लिहून देईल. मी स्वतःला संपलेली समजणाऱ्या मुलींना ही आयत नेहमी सांगते, तिलाही वाचायला सांग, कारण तिच्या गप्प राहण्यात मला तेच दिसतंय.

अल्लाहची माफी तर मागशीलच, तिची पण माग. तिच्या भीतीला तू वेडेपणा समजलास, नको म्हणाल्यावर परत विषय काढलास, ह्याची माफी. मेसेजवर एवढंच लिही की तुझं बरोबर होतं, निकाहपर्यंत हा विषय माझ्याकडून निघणार नाही, आणि मी घरी निकाह लवकर करायचं बोलतोय. आणि तिची पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करून घ्या, चांगल्या डॉक्टरकडे, उशीर करू नका, ह्या बाबतीत लाजून चालत नाही.

मेहरचं पण तिच्याशी कुणाकडून तरी नीट बोलून घे. ती संकोचाने कमी सांगेल, घरचे रिवाजाचा आकडा सांगतील, पण ती रक्कम तिची आहे, तिच्या बापाची नाही आणि तुझ्या आईची पण नाही. हॉलसाठी जे पैसे साठवत होतास त्यातलेच तिला मेहर म्हणून निकाहच्या दिवशी रोख दे.